आतोबांचं नाक

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घशाखाली उतरू दिला नाही, आणि तरीही विलायती दारूतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत आजवर झालेला नाही. पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नीरेच्या कालव्याचं पाणी आमच्या बाजूच्या माळावर आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून साखरेचा कारखाना आला. त्या कारखान्यात आतोबा स्टोअरकीपर होते. अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगे, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येताहेत हे दोन बंगल्यांआधी कळायचं. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांचं नाक. दिसायला ते अगदी बेताचंच होतं, पण शेतकरी आपल्या बैलाला जपतो तसं आतोबा त्या नाकाला जपत. थंडी पडली की बाकीचे लोक कान बांधतात, आतोबा नाक बांधून कामावर जायचे. तपकीर ओढणाऱ्या माणसाशेजारी ते बसत नसत, मग तो माणूस कारखान्याचा मॅनेजर का असेना. आत्यानं मिरचीची फोडणी दिली, की "आगं, नाक हाय का चूल हाय ह्ये!" असं ओरडत अंगणात पळायचे आणि वारा कुठून येतोय ते बघून पाठ करून उभे राहायचे. आत्या आतून म्हणायची, "जेवताना मातुर ह्येच नाक पयलं पातेल्यात."

मी त्यांच्याकडे राहायला गेले ती शाळा संपल्यावर. माझं शिक्षण पुण्याच्या मिशनच्या शाळेत, सगळं इंग्रजीतून झालेलं. तेवढ्यात वडिलांची रेल्वेतली बदली हुबळीकडे झाली, आणि माझं पुढचं काय ते ठरेपर्यंत मला आत्याकडे पाठवण्यात आलं. मी फार बोलत नसे. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी तोंडून इंग्रजी शब्द निघाला की सगळे हसायचे. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं. आत्याला माझी काळजी वाटली. आतोबांना मात्र माझं गप्प बसणं फार पसंत पडलं. "जो बडबडतो त्याला वास येत न्हाय," ते आत्याला म्हणाले. "ह्या पोरीचं नाक चांगलं असनार." माझ्याबद्दल कोणी पहिल्याच दिवशी काही चांगलं बोलावं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

या नाकाला विलायती दारूचं वेड कसं लागलं, ती गोष्ट मी येण्याआधीची. पण आतोबांनी ती इतक्यांदा सांगितली आहे, की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. कारखान्याची ऊस पिळायची पहिली गिरणी बसवायला स्कॉटलंडचा एक इंजिनियर आला होता. उंच, लालबुंद, कमी बोलणारा. एकदा यंत्राला घालायच्या एरंडेलाचे डबे आले. आतोबांनी त्यांतला एक उघडला, नाक आत घातलं आणि सांगून टाकलं, "साहेब, यात भुईमुगाचं तेल हाय." निघालंही तसंच. (पुढच्याच आठवड्यात त्यांनी तितक्याच ठामपणे रंगाचे डबे परत पाठवायला लावले आणि ते चांगले निघाले, पण गोष्टीत हा भाग येत नाही. तो मला आत्याकडून कळला.) साहेब खूश झाला आणि त्यानं आतोबांना रविवारी संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं. तिथे पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा एक काचेचा पेला पुढे आला, आणि त्यात तळाशी थोडीशी सोनेरी दारू.

आतोबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. लग्नाच्या वेळी आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, त्यांना नरसिंहपूरला नेलं होतं आणि भीमा-नीरेच्या संगमाचं पाणी ओंजळीत देऊन शपथ घ्यायला लावली होती, की दारू घशाखाली जाणार नाही. जावयाकडून अशी शपथ घेतल्याशिवाय आमच्या घराण्यात मुलगी देत नसत. आतोबा पेल्याकडे बघत राहिले आणि विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, की शपथ घशाची झालेली आहे; नाकाची आणि जिभेची कोणी घेतलेलीच नाही. त्यांनी वास घेतला. मग एक घोट जिभेवर घेतला, गालांत फिरवला, आणि व्हरांड्याच्या कडेला असलेल्या पेरूच्या बुंध्याशी थुंकून टाकला. साहेबाला राग येईल असं त्यांना वाटलं होतं. साहेब उठून उभा राहिला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला. त्याच्या मुलखात म्हणे यातली खरी जाणकार माणसं हेच करतात. दिवसभर वास घेतात आणि पीत काहीच नाहीत. "आपल्याच जातीची मानसं हायत ती," आतोबा नेहमी म्हणायचे, "फकस्त लांब ऱ्हायली."

त्यानंतर दर रविवारी ही बैठक होई. शुक्रवारपासून घरात कांदा-लसूण बंद. रविवारी आतोबा साबण न लावता अंघोळ करत आणि बंगल्यापर्यंत बोलत नसत, कारण बोललं की नाकातली हवा ढवळते. साहेबाजवळ तीन-चार गावांच्या बाटल्या असत आणि सगळ्या सिंगल माल्ट. हे सिंगल माल्ट म्हणजे काय, ते आतोबांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "ह्ये बग, बारामतीच्या पेठंत गूळ येतो. व्यापारी काय करतो? ह्या गावचा, त्या गावचा, सगळा एकत्र फोडून ईकतो. गोड लागतोय, पन कुनाचा म्हनून सांगशील? आनि आपल्या तात्याच्या गुऱ्हाळाचा गूळ जिभंवर ठिवला, की तात्याचा ऊस, तात्याचं पानी, तात्याची काहील, समदं कळतं. तसं ह्ये. एक गाव, एक भट्टी, निव्वळ जवाची. दुसऱ्या गावचा थेंब न्हाय." इतकी वर्षं इंग्रजी शिकून मला कोणी कुठलीही गोष्ट इतकी स्पष्ट समजावून दिली नव्हती.

आतोबांना दारूत जे वास येत ते सगळे आमच्या मुलखातले. एका बाटलीत त्यांना काहिलीच्या कडेला धरलेली गुळाची खरड दिसली, एकीत ओलं गोणपाट, एकीत हुरड्याची आगटी, आणि एकीत तर चक्क सरकारी दवाखाना. साहेब हे सगळं मान डोलवून लिहून घेई. एकदा मात्र आतोबांनी डोळे मिटून "चाफा" म्हणून सांगितलं. साहेबाला चाफा काही सापडेना. त्यानं पुन्हा पुन्हा वास घेतला, दिवा मोठा केला, पाण्याचे दोन थेंब घातले. शेवटी चाफा निघाला तो मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बटलरच्या डोक्याच्या तेलात. आतोबा जराही ओशाळले नाहीत. "तेल असंल, पन चाफा हुता का न्हवता?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रविवारच्या घोटांवर व्हरांड्याकडेचा तो पेरूही साहेबाच्या दोन वर्षांत असा काही फोफावला, की लोक पेरू मागायला येऊ लागले. साहेब गेल्यावर तोच बंगला वाटणीनं स्टाफला मिळाला, आणि व्हरांड्याकडचा भाग आतोबांच्या वाट्याला आला. आत्यानं त्या झाडाचं फळ कधी तोंडात घातलं नाही. "दारुड्या झाड हाय त्ये," ती म्हणायची आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायची.

साहेबानं जाताना आतोबांना एक बाटली दिली. त्याच्या स्वतःच्या गावच्या भट्टीची. त्या भट्टीची बाटली रविवारच्या बैठकीत कधी फुटली नव्हती. दुसरी गिरणी बसवायला मी परत येईन, तेव्हा आपण दोघं मिळून ही फोडू, तोवर नाक तयार ठेव, असं त्याचं सांगणं. आत्यानं ती देवघराच्या बाजूला येऊ दिली नाही, म्हणून ती ओसरीवरच्या काचेच्या कपाटात उभी राहिली, अंगाभोवती फ्लॅनेलचं कापड गुंडाळून. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात, तेव्हा आतोबा तराजू आणि किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी ही बाटलीही मांडत आणि तिला झेंडूचं फूल वाहत. यावर सगळ्यांत जास्त कोणी हसत असेल तर ते तात्या. तात्या म्हणजे पलीकडच्या मळ्यातले बागायतदार, आत्याच्या माहेरगावचे, तिचे मानलेले भाऊ. त्यामुळे आतोबा त्यांचे दाजी, आणि दाजींची चेष्टा करणं हा त्यांचा हक्कच.

"दाजी, आरती कवा हाय?" ते दारातूनच विचारायचे.

"तुला न्हाय कळायचं, तात्या. तुजं नाक शेनात गेलं."

"आवो, पन प्यायची न्हाय, ईकायची न्हाय, मंग ठिवलीय कशाला? बाळंतिनीला तरी द्या कुना!"

साहेब गेल्यावर आतोबांच्या नाकाला काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी ते घरात आणि गावात वापरायला सुरुवात केली. चहा कुठल्या विहिरीच्या पाण्याचा आहे ते ते सांगू लागले. मला ओसरीवर बसवून डोळ्यांना रुमाल बांधत आणि एकेक वाटी नाकाखाली धरत: उसाचा भुस्सा, तापलेलं लोखंड, चिंच, आयोडीन, भिजलेला घायपाताचा वाख. मी हळूच नाव सांगायचे. चुकलं की ते म्हणत, "घाई नगं. वास आधी येतो, नाव मागनं येतं." मला हा खेळ फार आवडायचा, कारण डोळे बांधलेले असले की बोलायला लाज वाटत नाही.

याच नाकानं माझं एक लग्न मोडलं. बारामतीहून एक स्थळ बघायला आलं होतं. मुलगा वकिलीचं शिकलेला, देखणा, आणि मला तो का नको होता ते मला सांगता येत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे खाली बघून बसले होते. आत्याची बासुंदी त्या दिवशी गडबडीत खाली लागली होती. मुलानं दोन वाट्या खाल्ल्या आणि "छान झालीय" म्हणाला. पाहुणे गेल्यावर आतोबांनी निकाल दिला, "पोराला नाक न्हाय. जळकी बासुंदी त्याला कळंना, त्याला आपली पोर काय कळनार?" आत्या म्हणाली, "आवो, शिकल्यालं पोरगं, चांगल्या रीतीचं म्हनून तसं बोललं आसंल." तेही खरं असेल. पण आतोबांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवून टाकला.

साहेब विसरला नव्हता. अधूनमधून विलायतेहून वर्तमानपत्रांची एक गुंडाळी यायची आणि त्यात दारूच्या धंद्याच्या बातम्यांवर निळ्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या. आतोबांचं इंग्रजी स्टोअरच्या मालापुरतं, त्यामुळे वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. कुठे मंदीनं भट्ट्या बंद पडल्या, कुठे जवाचं पीक बुडालं, कुठल्या गोदामातला म्हातारा पिंपांचे वास घेऊन घेऊन अखेर निवृत्त झाला. ही म्हाताऱ्याची बातमी ऐकून आतोबा दिवसभर जेवले नाहीत. या सगळ्या बातम्या ते बाजारच्या दिवशी बारामतीच्या गुळाच्या पेठेत नेऊन सांगत. अमेरिकेनं दारूबंदी उठवल्याचं मी वाचून दाखवलं, तेव्हा ते छोट्या आगगाडीनं मुद्दाम बारामतीला गेले आणि एका आडतीवर उभं राहून त्यांनी ते जाहीर केलं. ढेपांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "मंग गुळाचा भाव वाढंल का?" आतोबांनी थोडा वेळ नाक चोळलं आणि म्हणाले, "वाढंल." योगायोगानं त्या आठवड्यात भाव वाढला. त्यानंतर बरेच दिवस माणसं त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "काय राव, अमेरिका काय म्हंतीय?"

एकच बातमी त्यांनी बाजारात नेली नाही. साहेबाच्या गावची भट्टी बंद झाली होती. चुलाण विझलं, तांब्याची भांडी उतरवली, माणसं दुसरीकडे गेली. बातमी तीन ओळींची होती आणि तिच्याभोवती निळी पेन्सिल दोनदा फिरवलेली होती. मी वाचून झाल्यावर आतोबा उठले, कपाटाजवळ गेले आणि फ्लॅनेल नीट करून परत आले. "म्हंजी आता ही येकच," ते म्हणाले. "कुनाला बोलू नगंस. तात्या हसंल." मी बोलले नाही. न बोलणं मला येतच होतं.

त्यानंतरच्या हंगामात दुसरी गिरणी बसवायचं ठरलं आणि साहेब येणार असल्याचं कळलं. आतोबांनी आठ दिवस आधीपासून कांदा सोडला. त्याच सुमारास आमच्या गावात दुसरीही एक गोष्ट चालू होती. गावातल्या बायकांनी दारूच्या दुकानासमोर धरणं धरलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसून त्या भजनं म्हणत आणि आलेल्या माणसाला हात जोडून परत पाठवत, आणि या बायकांच्या पुढे आमची आत्या. घरात कपाटात बाटली आणि बाहेर पायरीवर आत्या, यावर गावात बरीच गंमत चाललेली होती, पण आत्याचं उत्तर ठरलेलं: "आमची बाटली पीत न्हाईत, पुजत्यात."

साहेब दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून त्या दिवशी आतोबांनी रजा घेतली होती. दुपारी त्यांनी बाटली काढून ओसरीवरच्या टेबलावर ठेवली होती आणि ते तो निमुळता पेला राखेनं, मग लिंबानं, मग नुसत्या पाण्यानं धूत होते. आत्या नुकतीच धरण्यावरून जेवायला आली होती. तेवढ्यात तात्या धावत आले. डोक्याला पटका नाही, पायात वहाणा नाहीत.

"दाजी, पाखऱ्या आडवा झाला!"

पाखऱ्या म्हणजे तात्यांच्या जोडीतला उजवा बैल. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेला. सकाळी दावं तोडून तो ओल्या लसूणघासाच्या चाऱ्यात शिरला होता आणि पोट फुटेपर्यंत खाऊन आला होता. आमच्याकडे बैलाचं पोट असं फुगलं, की हिंग-तेल घालून दारू पाजतात. त्यानं गॅस मोकळा होतो.

"हिंग दिला, तेल दिलं. आता दारूबिगर न्हाय भागायचं. गुरांचा डॉक्टर बारामतीला, त्यो येईस्तवर जनावर ऱ्हातंय व्हय?"

"मंग दुकानात जायचं न्हाय का?" आतोबा म्हणाले.

"गेलो हुतो की! आक्काला इचारा."

आत्याचा घास हातातच राहिला. "म्या वळखलं न्हाय रं तात्या," ती हळू आवाजात म्हणाली. "तू गर्दीच्या मागं हुतास. सकाळधरनं ज्यो येतोय त्यो म्हंतोय, बैलाचं पोट फुगलंय. निम्म्या गावाच्या बैलांची पोटं फुगल्यात आज. आमी समद्यांनाच हात जोडलं. आता तर दुकानदार कुलूप लावून सासुरवाडीला गेला."

तात्यांची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली आणि लगेच खाली वळली. ज्या वस्तूवर आपण एवढी वर्षं हसलो, ती मागायची कशी? मी आतोबांकडे बघत होते. जगात ती एकच उरली आहे, हे त्या ओसरीवर आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, ओले हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "पोरी, घे ती. जपून."

आम्ही सगळे तात्यांच्या गोठ्यात पोहोचलो, तेव्हा तिथे माणसं जमली होती. पाखऱ्या कुशीवर पडून धापा टाकत होता आणि त्याची डावी बाजू नगाऱ्यासारखी ताठ झाली होती. तात्यांनी त्याचं तोंड वर धरलं, गड्यानं बांबूचं नळकांडं पुढे केलं. आतोबांनी लाख फोडली, बूच ओढलं, आणि तो वास बाहेर आला. शेण, तेल आणि हिंगाच्या त्या गोठ्यात तो असा पसरला, की पाठमोरी माणसं वळून बघू लागली. आतोबा बाटली हातात धरून डोळे मिटून उभे राहिले.

"दाजी!" तात्या ओरडले. "आवो, बैल मरंल!"

आतोबांनी डोळे उघडले आणि सगळी बाटली नळकांड्यात ओतली. शेवटचा थेंब पडला, तसे ते माझ्याकडे वळून केवढ्यांदा तरी ओरडले, "बूच! बूच लाव, पोरी! लवकर!" मी बाटली घेतली आणि बूच घट्ट लावलं. त्यांच्या अंगठ्यावर दारूचा एक थेंब राहिला होता. ते त्याच्याकडे बघत होते. आत्यानं ते पाहिलं. धरण्यातली आमची आत्या गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "म्या बघत न्हाय." आतोबांनी अंगठा नाकाशी नेला, पण ओठाला लावला नाही. "साहेबाबिगर न्हाय," ते पुटपुटले, आणि तो थेंब त्यांनी गंधासारखा पाखऱ्याच्या कपाळाला लावला.

मग आम्ही सगळे वाट बघत बसलो. गडी पोट चोळत होता, तात्या बैलाच्या कानात काहीतरी बोलत होते. बऱ्याच वेळानं पाखऱ्याच्या पोटातून गडगड आवाज आला, त्यानं मान ताणली आणि असा काही ढेकर दिला, की पलीकडच्या दावणीची म्हैस दचकून उठली. आणखी एक आला, मग आणखी एक. तात्यांनी त्याला उठवून उभं केलं आणि त्याच्या गळ्यात पडून ते रडायला लागले. आतोबा मात्र बैलाच्या तोंडासमोर वाकले होते, डोळे मिटून. माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"आधी धूर," ते सावकाश म्हणाले. "मंग गूळ. काहिलीच्या बुडाचा." त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "आनि शेवटी लसूनघास."

त्या गोठ्यात जे हसू फुटलं, ते मला अजून ऐकू येतं. तात्या रडता रडता हसले. मीसुद्धा सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. आतोबांच्या गोष्टीतल्यापेक्षा तो थोडा म्हातारा होता. टेबलावर फ्लॅनेल, फ्लॅनेलवर रिकामी बाटली, आणि तिच्यामागे नव्या नवरदेवासारखे ताठ बसलेले आतोबा. साहेबानं बाटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आतोबांचा आवाज कधी नव्हे तो बसला होता. "पोरी, तू सांग त्याला. समदं सांग."

परक्या पुरुषाशी एवढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण सुरुवात केल्यावर ते बोलणं माझं राहिलंच नाही. घासाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, आत्याच्या हात जोडण्याचं सांगितलं. लसूणघासाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, तेव्हा मी अंगणात पडलेली घासाची एक काडी आणून त्याच्या हातात दिली. त्याच्या गावची भट्टी बंद झाल्याचं आतोबांना ठाऊक होतं, हेही सांगितलं. साहेब बराच वेळ ती काडी बोटांत फिरवत बसला. मग त्यानं विचारलं, "बैल कसा आहे?"

आम्ही सगळे मळ्यात गेलो. पाखऱ्या उसाचं वाडं खात उभा होता. साहेबानं टोपी काढली आणि थेट त्याच्या नाकपुड्यांशी नाक नेलं; शेजारून आतोबांनीही नेलं. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "येकाला आवरताना नाकी नऊ आलं, आता ही जोडी झाली." परत येताना साहेब मला म्हणाला, की त्याच्या आजोबांनी एकदा घोड्याला अशीच पाजली होती, आणि आजीनं आठवडाभर अबोला धरला होता. मी मराठीत सांगितलं. आतोबांचा आवाज लगेच परत आला. "म्या म्हनलं न्हवतं? आपल्याच जातीची मानसं!"

मग ओसरीवर बसून साहेबानं बाटलीचं बूच काढलं. रिकाम्या बाटलीतही वास राहतो, आणि कधी कधी भरलेल्यापेक्षा जास्त बोलतो, असं तो म्हणाला. दोघं आळीपाळीनं नाक लावत होते आणि मी इकडचे शब्द तिकडे पोहोचवत होते. काहिलीची खरड. समुद्रावरची होडी. हुरड्याची आगटी. मेंढीची ओली लोकर. आत्या आतून एक ताटली घेऊन आली आणि साहेबासमोर ठेवली. त्यात पेरूच्या फोडी होत्या, त्याच झाडाच्या. साहेबानं खाल्ली, आतोबांनी खाल्ली. आत्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग एक फोड स्वतःच्याही तोंडात टाकली. "गोड हाय की," ती म्हणाली, कोणाकडेही न बघता.

दुसरी गिरणी सुरू झाली आणि साहेब गेला, तो पुन्हा आला नाही. मी आता पुण्याला एका मुलींच्या शाळेत शिकवते आणि वर्गात पुष्कळ बोलते. गेल्या हिवाळ्यात आतोबांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, पण वास गेला. मिरचीच्या फोडणीला ते आता अंगणात पळत नाहीत. आत्या फोडणी देते आणि ओसरीकडे बघत राहते.

सुट्टीत मी गेले की ते कपाटातून बाटली काढतात, फ्लॅनेल उलगडतात आणि माझ्यापुढे ठेवतात. मी बूच काढून नाक लावते आणि डोळे मिटते. आत खरंच काही उरलं आहे, की मला नुसतं आठवतं आहे, हे मला सांगता येणार नाही. वास आधी येतो, नाव मागून येतं.

"गूळ," मी म्हणते.

"न्हाय," ते म्हणतात. "आधी धूर. नीट बग."

मी पुन्हा बघते. "धूर. मग गूळ, काहिलीच्या बुडाचा."

"आनि शेवटी?"

"शेवटी लसूणघास."

ते हसतात. बराच वेळ हसतात. मग हात पुढे करून माझ्या हातातल्या बाटलीवर ठेवतात आणि हळूच म्हणतात, "बूच लाव, पोरी. पुढल्या सुट्टीला ऱ्हायला पायजे."